परिसंवादाच्या पत्रिकेत नसलेला फोन नंबर

महाविद्यालयातल्या दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्राची पत्रिका हातात घेतली, की तिच्यात जवळपास सगळं सापडतं. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, बीजभाषण कोणाचं, सत्राध्यक्ष कोण, चहा किती वाजता, जेवण कुठे, आभार कोण मानणार. शोधनिबंध कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या फॉन्टमध्ये पाठवायचा, हेही छापलेलं असतं. पण रात्री साडेनऊला अतिथिगृहाच्या जिन्यात एखाद्या ज्येष्ठ पाहुण्याने संशोधक विद्यार्थिनीची वाट अडवली, तर तिने फोन कोणाला करायचा, हे बहुतेक पत्रिकांत नसतं.

ती एक ओळ छापायला पैसे लागत नाहीत. मात्र ती खरी ठरावी म्हणून आयोजकांना आधी काही निर्णय घ्यावे लागतात, आणि नेमके तेच टाळले जातात. ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ हे वाक्य त्यासाठी कामाला येतं.

ते वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेतल्या विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या क्षेत्रांतल्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ मध्ये उच्च शिक्षणातल्या लैंगिक छळावर मोठा अहवाल काढला. तिथल्या निम्म्याहून अधिक महिला प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना आणि २० ते ५० टक्के विद्यार्थिनींना असा अनुभव आल्याचं त्यात नोंदवलं आहे. अहवालातल्या दोन गोष्टी आपल्या आयोजकांनी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, सर्वाधिक आढळलेला प्रकार अंगचटीला येण्याचा नव्हता. बायकांच्या बुद्धीवर, कामावर आणि असण्यावर केलेली तुच्छतेची शेरेबाजी त्याहून कितीतरी जास्त होती. दुसरी, छळ होईल की नाही हे सगळ्यांत जास्त ठरतं ते त्या संस्थेतल्या वातावरणावरून. असं वागणं इथे खपतं, हे लोकांना कळलेलं असलं, की ते होतं.

मग परिसंवादात काय काय खपतं? स्वागतासाठी पदवीच्या मुलींनाच साड्या नेसवून दारात उभं करायचं, गुलाबाची फुलं आणि शाल-श्रीफळाची तबकं त्यांच्याच हातात द्यायची, आणि पाहुण्यांनी त्यांच्या दिसण्यावर केलेली टिप्पणी हसण्यावारी न्यायची. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला एकट्या विद्यार्थिनीला गाडीत पाठवायचं. स्मरणिकेत सगळ्या सहभागींचे मोबाइल नंबर छापायचे. मग त्याच रात्री ‘आपला पेपर आवडला, फोटोही छान’ असे निरोप व्हॉट्सॲपवर सुरू होतात. नाव विचारून झालं की आडनाव, आडनावावरून अंदाज आला नाही की गाव, आणि गावानंतर ‘म्हणजे तुम्ही कोणातले?’ इंग्रजी उच्चार चुकला की सत्राध्यक्षांचं व्यासपीठावरूनच मिस्कील हसणं. यातल्या प्रत्येक गोष्टीत कायद्याचा भंग होतोच असं नाही. पण कोणाशी कसंही वागलं तरी चालतं, हे सभागृहाला यातूनच कळतं.

परिसंवाद हे रोजच्या कामाच्या जागेपेक्षा वेगळं ठिकाण आहे, आणि धोका त्या वेगळेपणात आहे. माणसं घरापासून लांब असतात. दिवसाचं काम आणि रात्रीचं जेवण यांच्यातली सीमा पुसट होते. मुख्य म्हणजे, समोर बसलेले पाहुणे उद्या आपल्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून येऊ शकतात, नियतकालिकात आपला लेख तपासू शकतात, मुलाखतीच्या समितीत बसू शकतात. ‘सरांना दुखावून कसं चालेल’ हा प्रश्न त्या मुलीच्या मनात असतो, तसाच तिच्या मार्गदर्शकाच्या आणि आयोजक विभागप्रमुखाच्या मनातही असतो. शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडूनही मग ‘जाऊ दे, उद्या संपतंय’ असं निघतं.

उद्या संपतं हे खरंच, आणि तक्रार नाहीशी होते तीही तिथेच. यजमान महाविद्यालय म्हणतं, ते गृहस्थ आमचे कर्मचारी नाहीत. पाहुण्यांची संस्था म्हणते, प्रकार आमच्या आवारात घडला नाही. मुलीचं विद्यापीठ म्हणतं, आम्ही तिथे नव्हतो. तीन संस्थांच्या मधल्या फटीत तिची गोष्ट पडून राहते. आयोजकांना आधीपासून काही एकच करता येत असेल, तर त्यांनी ही फट बुजवावी.

कायदा त्यासाठी पुरेसा आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरील अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. महाविद्यालयांत अजूनही अनेक जण ‘विशाखा समिती’ म्हणतात ते त्यामुळे. ती तत्त्वं कागदावरच राहिल्याचं न्यायालयापुढे मांडणाऱ्यांत पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले होत्या. त्यांच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानलं, आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या प्रकरणात अंमलबजावणीचे कडक आदेश दिले. पुढच्या वर्षी संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा, हे त्यात आहे. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

परिसंवादासाठी या कायद्यातल्या व्याख्या मोलाच्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल ते ठिकाण, आणि मालकाने पुरवलेलं वाहनसुद्धा, कामाचं ठिकाण धरलं जातं. पीडित महिला त्या संस्थेत नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे विनियम आणखी पुढे जातात. ते २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. त्यांत आवाराचा अर्थ वाढवून अभ्याससहली, शिबिरं, महोत्सव यांची ठिकाणं धरली आहेत. संस्थेचा कर्मचारी किंवा विद्यार्थी नसलेल्या, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाकडून झालेल्या छळाचीही तिथे स्वतंत्र व्याख्या आहे. त्यामुळे ‘ते आमचे नाहीत’ म्हणून यजमान महाविद्यालयाला हात झटकता येत नाहीत. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील, तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असंही विनियम सांगतात.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक शंका दूर केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो दुसऱ्या कार्यालयातला असला, तरी तक्रारदार महिलेच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची अंतर्गत समिती चौकशी करू शकते. आपल्या महाविद्यालयात परत आलेल्या तरुण प्राध्यापिकेला याचा मोठा आधार आहे. पाहुण्यांच्या शहरात, त्यांच्याच संस्थेच्या दारात जाऊन तक्रार देणं तिला भाग नाही.

२०१३चा कायदा केवळ महिलांच्या तक्रारींसाठी आहे. अनुदान आयोगाचे विनियम मात्र पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेचे बळी ठरू शकतात हे मान्य करतात. आयोजकांनी आपली आचारसंहिता सगळ्यांसाठी लिहावी. जात, धर्म, भाषा, अपंगत्व, लैंगिक ओळख यांवरून केलेला अपमानही तिच्यात यायला हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून अपमानित करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतं, हे चर्चेच्या भरात जीभ सुटणाऱ्या वक्त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

एका गोष्टीकडे मात्र जवळपास कोणाचंच लक्ष जात नाही. आपल्याकडे वरिष्ठ आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत असतं, आणि स्वयंसेवकांत अकरावी-बारावीची मुलंमुलीही असतात. ती अठरा वर्षांखालची आहेत. त्यांच्याबाबत काही घडलं, तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं. तिथे अंतर्गत समितीपुढे विषय ठेवून थांबता येत नाही. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पाहुण्यांच्या दिमतीला अल्पवयीन स्वयंसेवक ठेवूच नयेत.

विज्ञानाच्या जगात परिषदांसाठी वेगळे नियम करण्याची सुरुवात बरीच आधी झाली. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने आपल्या अधिवेशनांसाठी छळविरोधी धोरण २००८ मध्येच आणलं. २०१७ मध्ये अमेरिकन जिओफिजिकल युनियनने लैंगिक छळाला थेट वैज्ञानिक गैरवर्तन ठरवलं, म्हणजे आकडे बनवणं आणि वाङ्मयचौर्य यांच्या पंक्तीला बसवलं. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिस्टियन लम या संख्याशास्त्रज्ञ महिलेने आपल्या क्षेत्रातल्या परिषदांमधले अनुभव उघडपणे लिहिले. काही माणसांपासून जपून राहा, असं तिथल्या स्त्रिया एकमेकींना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या; संघटनांच्या दप्तरी मात्र काहीच नव्हतं. त्यानंतर बेजियन संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या संमेलनांसाठी आचारसंहिता आणि तक्रारीची यंत्रणा उभी केली.

भारतातही काम झालं आहे. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०१५ मध्ये लिंगसमानतेसाठी कार्यगट नेमला. इंडियन फिजिक्स असोसिएशनचा कार्यगट २०१७चा. त्याच्या पुढाकाराने सप्टेंबर २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात भौतिकशास्त्रातल्या लिंगसमानतेवर राष्ट्रीय परिषद झाली आणि तिच्यातून ‘हैदराबाद सनद’ तयार झाली. भौतिकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आययूपॅप ज्या परिषदांना पाठबळ देते, त्यांच्या आयोजकांनी छळ सोसलेल्यांशी बोलायला एक सल्लागार नावानिशी नेमावा, अशी तिची अट आहे. सामाजिक शास्त्रं, साहित्य, वाणिज्य यांच्या परिसंवादांनी ही अट जशीच्या तशी उचलावी.

नावानिशी म्हणजे खरोखर नावानिशी. ‘अडचण असल्यास संयोजन समितीशी संपर्क साधावा’ असं छापून काहीच होत नाही. दोन माणसं नेमावीत, त्यांतली एक तरी महिला असावी, आणि दोघांपैकी कोणीही बीजभाषक, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या हाताखाली थेट काम करणारं नसावं. शक्य असेल तर एक व्यक्ती दुसऱ्या महाविद्यालयातली असावी. त्यांचे फोन नंबर पत्रिकेत, नोंदणीच्या टेबलावर, गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला आणि महिला स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला असावेत. दाराच्या आत अशासाठी की तिथे नंबर उतरवून घेताना कोणी पाहत नाही. शेजारीच यजमान संस्थेच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचं नाव, ११२ हा तातडीचा क्रमांक आणि १८१ ही महिला हेल्पलाइन द्यावी. नेमलेल्या दोघांनी परिसंवाद संपेपर्यंत फोन चालू ठेवावा, आणि निवासी प्रतिनिधी असतील तर रात्रीही.

आचारसंहिता एका पानाची पुरे. काय चालणार नाही हे तिच्यात रोजच्या भाषेत लिहावं: परवानगीशिवाय स्पर्श, अंगावर शेरे, नको असताना पुन्हा पुन्हा निरोप, खोलीवर बोलावणं, न विचारता फोटो काढणं आणि पसरवणं, जातीवरून टोमणे, ऑनलाइन सत्रात खासगी चॅटवर त्रास देणं. नियम मोडला तर काय होईल, हेही त्यातच असावं. समज देणं, सत्रातून उठवणं, परिसंवाद सोडायला सांगणं, नोंदणी रद्द करणं, संबंधित संस्थेला लेखी कळवणं. हे पान नोंदणी अर्जाला जोडून ‘मान्य आहे’ अशी सही घ्यावी. पाहुण्यांच्या निमंत्रणपत्रासोबतही ते पाठवावं. इथे आयोजकांना संकोच होतो. इतक्या मोठ्या माणसाला असं कसं पाठवायचं? पण सगळ्यांना एकच पान जात असेल, तर त्यात कोणाचाही अपमान नाही. मानधनाच्या आणि प्रवासखर्चाच्या अटी आपण त्याच पाहुण्यांना न संकोचता कळवतोच.

निवासाची व्यवस्था हा दुसरा कळीचा भाग. खोल्यांना आतून चालणाऱ्या कड्या आहेत का, हे परिसंवादाच्या आठवडाभर आधी कोणीतरी स्वतः पाहून यावं. कोणती खोली कोणाला दिली, याची यादी सूचनाफलकावर लावू नये. पेपरवरची चर्चा, मुलाखत, पुस्तकाची बोलणी अशा गाठीभेटींसाठी ग्रंथालयाचा कोपरा किंवा रिकामा वर्ग उघडा ठेवावा, म्हणजे ‘खोलीवर या, निवांत बोलू’ याला पर्याय राहतो. स्टेशनवर दोघांना मिळून पाठवावं. रात्रीच्या जेवणानंतर परत नेणारी गाडी कधी निघेल, ते पत्रिकेतच लिहावं. जेवणासोबत मद्य असेल, तर त्या कार्यक्रमाला जाणं कोणासाठीही कामाचा भाग ठरू नये. सहभागींचे मोबाइल नंबर स्मरणिकेत छापण्याची पद्धत बंद करावी. ईमेल पुरतो, तोही विचारून. व्हॉट्सॲपचा गट हवाच असेल, तर सूचना फक्त आयोजकांनी टाकाव्यात; तरी गटातल्या सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतातच, म्हणून त्यात सामील होण्याची सक्ती नको.

स्वागतासाठी मुलींनाच का उभं करायचं, याचाही विचार व्हावा. फुलं आणि तबकं मुलंही देऊ शकतात, आणि पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम मुलींना देता येतं. माइक हाती असलेल्या विद्यार्थिनीशी लोक नीट बोलतात.

सत्राध्यक्षांच्या हातात वाटतो त्याहून मोठा अधिकार असतो. परिसंवादातला अपमान बहुधा प्रश्नोत्तरांच्या वेळी होतो. एखादे ज्येष्ठ गृहस्थ उठतात, प्रश्न न विचारता दहा मिनिटं बोलतात आणि शेवटी ‘या विषयात लग्नाआधीच्या मुलींनी शिरू नये’ अशा वळणाचं काहीतरी म्हणून बसतात. अशा वेळी अध्यक्षांनी सौम्य पण स्पष्ट आवाजात सांगावं, ‘ही टिप्पणी व्यक्तीवर आहे, ती कामकाजात घेत नाही. पेपरबद्दल प्रश्न असेल तर विचारा.’ एवढ्याने सभागृहाचं वातावरण बदलतं. सत्राच्या सुरुवातीलाच प्रश्नासाठी एक मिनिट ठरवून द्यावं आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारू द्यावा, म्हणजे चर्चा मोजक्या लोकांच्या ताब्यात जात नाही. प्रत्येक सत्राच्या अध्यक्षांशी आयोजकांनी आदल्या दिवशी फोनवर याबद्दल बोलून घ्यावं.

आणि तक्रार आलीच तर?

आधी ऐकून घ्यावं. ‘तुझा गैरसमज झाला असेल’, ‘ते तसे नाहीत’, ‘कोणाला सांगू नकोस’ ही तीन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नयेत. तिला आत्ता काय हवं आहे ते विचारावं: खोली बदलून हवी, सोबत हवी, उद्याचं सत्र दुसऱ्या वेळी हवं, की पोलिसांकडे जायचं आहे. तिच्या शब्दांत नोंद करून तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावं, आणि प्रत तिला द्यावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बोलावून ‘समोरासमोर मिटवून टाकू’ असा प्रयत्न करू नये. समेट फक्त तक्रारदाराच्या मागणीवरून होऊ शकतो आणि पैशांच्या बदल्यात होऊच शकत नाही, असं कायदाच सांगतो. नावं गुप्त ठेवणंही कायद्याने बंधनकारक आहे. जेवणाच्या टेबलावर तक्रारदाराची ओळख सांगणारा माणूस स्वतः कायदा मोडत असतो.

तात्पुरती पावलं आणि चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याला दुसऱ्या ठिकाणी हलवणं, त्याचं पुढचं सत्र रद्द करणं, हे आयोजक त्याच संध्याकाळी करू शकतात. दोषी कोण हे मात्र संयोजन समितीने ठरवू नये. ते अंतर्गत समितीचं काम आहे, आणि तिने दोन्ही बाजूंना पुरती संधी द्यायला हवी. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात याची मोठी किंमत मोजावी लागली. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखांविरुद्ध तक्रार केली, समितीने घाईने सुनावण्या घेतल्या आणि त्यांना नोकरीतून काढण्यात आलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा सुरू करायला सांगितलं, कारण आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळाला नव्हता. त्या विद्यार्थिनींच्या वाट्याला चौदा वर्षांनंतर पुन्हा सुरुवात आली. समितीची सहानुभूती खरी असूनही कार्यपद्धती कच्ची राहिली, की असं होतं. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या संस्थांत अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासायला लावलं.

शेजारी बसलेल्यांनाही पुष्कळ करता येतं. एखादीच्या खुर्चीला चिकटून कोणी उभं राहिलं असेल, तर मध्ये जाऊन ‘मॅडम, तुम्हाला नोंदणीपाशी बोलावलंय’ एवढं म्हटलं तरी तिची सुटका होते. भांडण करण्याची गरज नाही. नंतर एकट्यात तिला ‘मी पाहिलं, गरज पडली तर मी सांगेन’ असं म्हणावं. साक्षीदार आहे हे कळलं, की तक्रार द्यायचं बळ येतं.

ज्या व्यक्तीला त्रास झाला, तिने निरोप, कॉल आणि ईमेल पुसू नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट स्वतःला मेल करून ठेवावेत. घडलं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून काढावं आणि विश्वासातल्या एका तरी माणसाला सांगावं. लेखी तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिणं शक्य नसेल, तर समितीने मदत करायची असते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होऊ शकत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. ही भीती घालून अनेकींना गप्प बसवलं जातं. पोलिसांत जाण्याचा मार्ग या सगळ्यासोबत उघडाच असतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आणि पाठलागासाठी कलम ७८ आहे. संस्थेत समितीच नसेल, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

परिसंवाद संपला, की खर्चाचा हिशेब आणि अहवाल तयार होतो. त्याच आठवड्यात सहभागींना नाव न विचारता तीन-चार प्रश्न पाठवावेत: सुरक्षित वाटलं का, कोणाच्या वागण्याचा त्रास झाला का, मदतीचा नंबर दिसला होता का. उत्तरं अंतर्गत समितीच्या अध्यक्षांकडे जावीत. पुढच्या वर्षीच्या वक्त्यांची यादी ठरवणाऱ्या बैठकीला त्याही असाव्यात, म्हणजे निमंत्रणं जाण्याआधीच त्यांना एखाद्या नावावर हरकत घेता येईल.